आकडा नेमका कशाच्या भरवशावर?

वाचकांचे प्रश्न : रसायन आणि उद्योग

मागील अंकातील एका उत्तरात मी असे लिहिले होते की, रासायनिक कारखान्यात बॉयलर, रिअ‍ॅक्टर आणि ड्रायर यांच्या देखभालीकडे जेवढे लक्ष दिले जाते त्याच्या निम्मेही प्रयोगशाळेतील तराजूकडे दिले जात नाही. त्या एका वाक्यावर नाशिक परिसरातून बरीच पत्रे आली. काही वाचकांनी संमती दर्शवली, तर काहींनी, लघुउद्योजकाच्या अडचणी मला कळत नाहीत, असे स्पष्टपणे सुनावले. त्यांपैकी सहा पत्रांना या अंकात उत्तरे देत आहे. पत्रलेखकांची आणि त्यांच्या कारखान्यांची नावे नेहमीप्रमाणे दिलेली नाहीत.

प्रश्न : आम्ही एक घन सेंद्रिय आम्ल शुद्ध करून विकतो. एका बॅचची शुद्धता आमच्या प्रयोगशाळेत ९९.३ टक्के आली आणि ग्राहकाच्या प्रयोगशाळेत ९८.६ टक्के. करारात किमान ९९.० टक्के असे लिहिले असल्यामुळे त्यांनी सर्व ड्रम परत पाठवले. उपकरणांच्या कॅलिब्रेशनची प्रमाणपत्रे आमच्याकडेही आहेत आणि त्यांच्याकडेही आहेत. मग खोटे कोण बोलत आहे? (लघुउद्योजक, अंबड)

उत्तर : बहुधा कोणीच नाही, आणि म्हणूनच हे भांडण मिटवणे अवघड आहे. सोबत पाठवलेल्या कागदांवरून दिसते की, दोन्ही ठिकाणी सोडियम हायड्रॉक्साइडने टायट्रेशन, म्हणजे ठाऊक शक्तीचे द्रावण थेंबाथेंबाने घालून आम्लाचे मोजमाप, केले गेले आहे. अशा पद्धतीत, काम नीट केले तरीही, साधारण अर्ध्या टक्क्याची अनिश्चितता राहते असे येथे धरून चालू. याचा अर्थ आपला ९९.३ हा आकडा प्रत्यक्षात ९८.८ ते ९९.८ यांच्या दरम्यान कोठेही असू शकतो आणि त्यांचा ९८.६ हा ९८.१ ते ९९.१ यांच्या दरम्यान. दोन निकालांतला फरक खरा आहे की केवळ मापनातल्या डगमगीचा आहे हे पाहण्यासाठी दोन्ही अनिश्चिततांचे वर्ग करून बेरीज करावी आणि तिचे वर्गमूळ घ्यावे; येथे ते सुमारे ०.७ येते. आपल्या दोघांच्या निकालांतला फरकही ०.७च आहे. म्हणजे हे प्रकरण अगदी काठावरचे आहे आणि एवढ्या पुराव्यावर कोणालाही खोटे ठरवता येणार नाही.

तरीही आपल्या बाजूचा आकडा मी अधिक बारकाईने तपासला असता, आणि त्याला कारण आहे. सोडियम हायड्रॉक्साइडचे द्रावण हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून घेते आणि हळूहळू क्षीण होते. बाटलीवर ०.१ नॉर्मल असे लिहिलेले द्रावण प्रत्यक्षात ०.०९९५ इतके उतरले असेल आणि आपण गणित मात्र ०.१ धरूनच करत असाल, तर ब्युरेटमधून जास्त द्रावण खर्च होते आणि मालाची शुद्धता अर्ध्या टक्क्याने जास्त दिसते. तापमानाचेही तसेच आहे. पाण्याचे तापमान २० अंशांवरून ३० अंशांवर गेले की एका लिटरमागे सुमारे अडीच मिलिलिटरची वाढ होते. नाशिकच्या जानेवारीतल्या सकाळी, खोली गार असताना ज्या द्रावणाची शक्ती निश्चित केली तेच द्रावण ऊन तापल्यावर दुपारी वापरले, तर पाव टक्क्याची चूक कोणाचाही हात न चुकता होऊन जाते. लक्षात घ्या, या दोन्ही चुका विक्रेत्याच्या बाजूने झुकणाऱ्या आहेत. ज्या चुकीने आपला फायदा होतो ती शोधायला कोणी उठत नाही. माझ्या अनुभवात प्रयोगशाळेतल्या जुनाट चुका बहुतेक याच जातीच्या असतात.

यावर उपाय महाग नाही. पोटॅशियम हायड्रोजन थॅलेट वाळवून, चार दशांश स्थळांच्या तराजूवर तोलून, त्याच्याशी द्रावणाची शक्ती दर आठवड्याला आणि शक्यतो ज्या वेळी नमुना तपासायचा त्याच वेळी पडताळून पाहावी. हे द्रव्य साध्या बाटलीतले न घेता प्रमाणित संदर्भ द्रव्य म्हणून विकले जाते ते घ्यावे, कारण आपला आकडा शेवटी त्याच्या शुद्धतेवर उभा राहतो. दिल्लीची राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा ‘भारतीय निर्देशक द्रव्य’ या नावाखाली अशी संदर्भ द्रव्ये देशातच उपलब्ध करून देण्याचे काम करते. ब्युरेट ‘अ’ वर्गाची घ्यावी. ५० मिलिलिटरच्या ‘अ’ वर्गाच्या ब्युरेटला ०.०५ मिलिलिटरची सूट असते, तर ‘ब’ वर्गाच्या ब्युरेटला तिच्या दुप्पट. टायट्रेशनला २० मिलिलिटर खर्च होत असतील तर ‘ब’ वर्गाच्या ब्युरेटमुळेच अर्ध्या टक्क्यापर्यंतचा घोळ संभवतो. आपल्या कागदांवर खर्च केवळ ९ मिलिलिटर दिसतो. नमुना दुपटीहून थोडा अधिक तोलून घेतलात तर ही चूक आपोआप निम्म्याखाली येईल, आणि त्यासाठी एक रुपयाही लागत नाही.

आता नमुन्याकडे वळू. माल आपण श्रावणात पाठवला होता आणि त्यांनी नमुना त्यांच्या गोदामात ड्रम उघडून घेतला. हे आम्ल हवेतला ओलावा थोडाफार ओढून घेणारे असेल, तर झाकणाजवळचा थर आणि तळाचा थर यांच्यात अर्ध्या टक्क्याचा फरक पडणे मुळीच आश्चर्याचे नाही. आपण वरचाच डावभर माल काढून नेता की लांब नळीच्या सॅम्पलरने वरपासून तळापर्यंतचा माल घेता, हे पत्रात नाही. याहूनही महत्त्वाची गोष्ट म्हणजे, आपल्या अहवालात शुद्धता ‘कोरड्या आधारावर’, म्हणजे पाणी वगळून, दिलेली आहे आणि त्यांच्या अहवालात ती ‘आहे त्या स्थितीत’, म्हणजे पाण्यासकट, मोजलेली दिसते. नमुन्यात ०.६ टक्के पाणी असले तर केवळ या शब्दांच्या फरकामुळे ०.६ टक्क्यांचा फरक दिसेल. मला तर आपल्या भांडणाचे मूळ येथेच असावे असे वाटते. दोघांनीही त्याच नमुन्याची पाण्याची मात्रा कार्ल फिशर पद्धतीने मोजावी आणि मग पुन्हा आकडे समोर ठेवावेत.

पुढच्या करारासाठी एवढे करा : पद्धत कोणती, आधार कोणता, नमुना कोणी आणि कसा घ्यायचा आणि निकाल मर्यादेच्या जवळ आला तर निर्णय कसा करायचा, हे सर्व आधीच लिहून घ्या. नमुन्याचे तीन भाग करून ते मोहोरबंद करावेत. एक आपल्याकडे, एक त्यांच्याकडे आणि तिसरा वाद झाल्यास दोघांना मान्य असलेल्या प्रयोगशाळेकडे पाठवण्यासाठी राखून ठेवावा. आणि जोवर आपली अनिश्चितता अर्ध्या टक्क्याची आहे तोवर कारखान्यातून बाहेर पडण्याची आपली अंतर्गत मर्यादा ९९.० नव्हे तर ९९.५ ठेवा. हे कठीण वाटत असेल, तर अनिश्चितता कमी करणे हा दुसरा मार्ग मोकळाच आहे. आपल्या सराफ बाजारात एकाच दागिन्याचा दोन पेढ्यांवर दोन प्रकारचा कस निघाला, तर शहाणा सराफ आधी दुसऱ्याची कसोटी पाहायला मागतो, भांडण नंतर करतो.

प्रश्न : मी सिन्नरजवळच्या औषधे बनवताना मधल्या टप्प्यावर लागणाऱ्या रसायनांच्या एका कारखान्यात गुणवत्ता विभागात काम करते. एखादा निकाल मर्यादेबाहेर गेला की वरिष्ठ म्हणतात, ‘पुन्हा लाव’. नुकतेच एका बॅचचे निकाल ९७.४, ९८.३ आणि ९८.५ असे आले. मर्यादा किमान ९८.० आहे. सरासरी ९८.०७ निघाली आणि माल गेला. हे योग्य आहे का? (गुणवत्ता अधिकारी, सिन्नर)

उत्तर : नाही. आणि आपल्यालाही ते आतून माहीत असल्यामुळेच आपण पत्र लिहिले आहे.

आधी गणित पाहू. एखाद्या बॅचची खरी शुद्धता ९७.६ आहे, म्हणजे ती नापासच व्हायला हवी, आणि आपल्या पद्धतीचे प्रमाण विचलन, म्हणजे निकाल सरासरीभोवती किती विखुरतात त्याचे माप, ०.४ आहे असे समजा. एकाच चाचणीत हा नापास माल ९८.०च्या वर दिसण्याची शक्यता सुमारे १६ टक्के आहे. पाच वेळा चाचणी लावली तर त्यांपैकी निदान एकदा तरी तो पास दिसण्याची शक्यता ५८ टक्क्यांवर जाते. चिकाटीने लावत राहिले तर जवळजवळ कोणताही काठावरचा माल कधी ना कधी पास होतो. तेथे मालाची परीक्षा होतच नसते. होते ती तपासणाऱ्याच्या दमाची.

सरासरीचा प्रश्न वेगळा आहे. एकाच एकजीव द्रावणाची क्रोमॅटोग्राफ या मापनयंत्रात तीन इंजेक्शने देऊन त्यांची सरासरी घेणे रास्त आहे, कारण तेथे उपकरणाची थरथर कमी करणे हा हेतू असतो. परंतु स्वतंत्रपणे तोललेल्या नमुन्यांपैकी एक मर्यादेबाहेर आणि दोन मर्यादेत असताना सरासरी काढणे म्हणजे मालातला असमानपणा झाकणे होय. अमेरिकेतील न्यू जर्सीच्या संघीय न्यायालयाने १९९३ साली बार लॅबोरेटरीज या औषध कंपनीच्या खटल्यात हाच मुद्दा सविस्तर तपासला आणि नापास निकालाची चौकशी न करता, पास निकाल मिळेपर्यंत पुनर्चाचणी करत राहणे मान्य करता येणार नाही, असे ठरवले. त्या निकालाच्या पाठोपाठ अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाचे मर्यादेबाहेरील निकालांच्या चौकशीविषयीचे मार्गदर्शन तयार होत गेले आणि २००६ साली ते अंतिम स्वरूपात आले. आपला माल ज्या औषध कंपन्यांकडे जातो त्यांचे लेखापरीक्षक आज आपल्या दारात जे प्रश्न विचारतात ते तेथूनच आलेले आहेत.

निकाल मर्यादेबाहेर गेल्यावर सर्वांत आधी एक गोष्ट करायची नसते, ती म्हणजे द्रावणे ओतून देणे. फ्लास्क, वायल, तोलाईची चिठ्ठी, क्रोमॅटोग्राम हे सर्व जसेच्या तसे ठेवून वजन, विरलीकरण, प्रमाण द्रावण, कॉलम आणि गणित तपासावे. येथे ठोस चूक सापडली, उदाहरणार्थ १० मिलिलिटरऐवजी २० मिलिलिटरची पिपेट वापरली गेली, तर ती लिहून, सही करून तो निकाल बाद करता येतो. ‘हात चुकला असावा’ ही ठोस चूक नव्हे. प्रयोगशाळेत काही सापडले नाही तर निकाल खरा मानून चौकशी उत्पादन विभागाकडे न्यावी लागते. आणि पुनर्चाचणी करायचीच असेल तर ती किती वेळा, कोणी आणि त्या निकालांचा अर्थ कसा लावायचा हे आकडे हाती येण्यापूर्वी कागदावर असावे लागते.

हे सांगण्याचा अधिकार मला मिळाला तो पुस्तकातून नव्हे. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी, सातपूरच्या एका कारखान्यात, मी स्वतःच एका बॅचचा पहिला निकाल ‘हात चुकला असावा’ म्हणून वहीत न लिहिता सोडून दिला होता. दुसरा चांगला आला, तो लिहिला. तीन आठवड्यांनी ड्रम परत आले. ड्रायरच्या कडेच्या ट्रेंमधला माल अर्धवट ओला राहिला होता आणि माझा पहिला नमुना नेमका त्याच ड्रममधून आला होता. म्हणजे तो टाकून दिलेला आकडाच खरा होता. त्याने ड्रायरमधला बिघाड तीन आठवडे आधी दाखवून दिला होता, आणि मी तो ऐकला नाही. त्या दरम्यान त्याच ड्रायरमधून आणखी चार बॅच निघाल्या.

वरिष्ठांशी बोलताना नीतीची भाषा टाळावी, असा माझा व्यवहारी सल्ला आहे. त्याऐवजी परत आलेल्या मालाची वाहतूक, पुन्हा प्रक्रिया करण्याचा खर्च आणि संगणकातल्या ऑडिट ट्रेलमध्ये, म्हणजे प्रत्येक कृतीच्या आपोआप होणाऱ्या नोंदीत, दिसणारी, अहवालात नसलेली इंजेक्शने या तीन गोष्टी त्यांच्यासमोर मांडाव्यात. तिसरी गोष्ट बहुधा पुरेशी ठरते, कारण खोडलेली ओळ वहीत दिसणार नाही अशी आशा धरता येते, पण ऑडिट ट्रेलमध्ये तीही सोय नसते.

प्रश्न : पुरवठादार प्रत्येक ड्रमसोबत विश्लेषणाचे प्रमाणपत्र देतो. तरीही आमचा गुणवत्ता विभाग प्रत्येक ड्रम पुन्हा तपासण्याचा आग्रह धरतो आणि माल दोन दिवस अडकून पडतो. हा दुहेरी खर्च कशासाठी? (खरेदी अधिकारी, दिंडोरी)

उत्तर : प्रमाणपत्र कागदाबद्दल बोलते, तर ड्रममध्ये काय आहे ते ड्रमच सांगू शकतो. १९८६ सालच्या आरंभी मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात औषध म्हणून दिलेल्या ग्लिसरीनमध्ये डायएथिलिन ग्लायकॉल हे विषारी औद्योगिक द्रव्य मिसळलेले होते आणि त्यामुळे १४ रुग्ण दगावले. न्यायमूर्ती लेंटिन यांच्या चौकशी आयोगाने त्या प्रकरणाचा तपास केला आणि महाराष्ट्राच्या औषध प्रशासनाला त्याने मुळापासून हलवले. अमेरिकेत याच द्रव्याने १९३७ साली शंभरहून अधिक बळी घेतले होते. २०२२ साली गांबियात मुलांच्या खोकल्याच्या औषधांत तेच द्रव्य पुन्हा सापडले. ग्लिसरीन आणि हे विष, दोन्ही द्रव्ये रंगहीन, दाट आणि चवीला गोड आहेत. शुद्ध ग्लिसरीनची घनता सुमारे १.२६ आणि डायएथिलिन ग्लायकॉलची सुमारे १.१२ असल्यामुळे संपूर्ण अदलाबदल झाली असेल तर साध्या घनतामापकानेही ती कळते, पण थोडी भेसळ कळण्यासाठी गॅस क्रोमॅटोग्राफी करावी लागते. औषधी ग्लिसरीनसाठी हे द्रव्य ०.१० टक्क्याहून जास्त नसावे अशी मर्यादा आहे, आणि ती पाहण्याची चाचणी ओळख पटवण्याच्या चाचणीतच बसवलेली आहे ती मुद्दाम. म्हणजे माल ‘ग्लिसरीन’ म्हणून स्वीकारायचा असेल तर ती टाळताच येऊ नये.

आपल्या विभागाने प्रत्येक ड्रमची संपूर्ण तपासणी करावी असे मात्र मला वाटत नाही. प्रत्येक ड्रमची ओळख पटवावी. पूर्ण तपासणी एकत्रित नमुन्याची करावी. आणि ज्या पुरवठादाराचे आकडे वर्षभर आपल्या आकड्यांशी जुळत आले आहेत त्याच्या काही चाचण्या ठरावीक अंतराने कराव्यात. यासाठी पुरवठादाराचा आकडा आणि आपला आकडा एकाच आलेखावर मांडत जा. जो पुरवठादार प्रत्येक वेळी नेमके ९९.८ लिहितो त्याच्यापेक्षा ज्याचे आकडे थोडे वरखाली होतात त्याच्यावर माझा अधिक विश्वास बसेल, कारण खरे मापन कधीही इतके शांत नसते.

आणखी एक गोष्ट. प्रमाणपत्रावर जे विचारलेले असते तेवढेच छापलेले असते. रक्तदाबावरील व्हालसार्टन या औषधात जुलै २०१८ मध्ये एन-नायट्रोसोडायमेथिलअमाइन हे कर्करोगकारक मानले जाणारे द्रव्य आढळले आणि अनेक देशांतून माल परत मागवावा लागला. उत्पादकाने काही वर्षांपूर्वी प्रक्रियेतला विद्रावक बदलला होता. नव्या विद्रावकातून थोडे डायमेथिलअमाइन सुटत होते आणि प्रक्रियेतच वापरलेल्या सोडियम नायट्राइटशी त्याचा संयोग होत होता. ठरलेल्या सर्व चाचण्यांत तो माल पास होत होता, कारण त्या चाचण्या जुन्या प्रक्रियेतल्या अशुद्धी डोळ्यांसमोर ठेवून बसवलेल्या होत्या. पुढे या द्रव्याची स्वीकार्य मर्यादा दिवसाला ९६ नॅनोग्रॅम ठरवली गेली. इतके सूक्ष्म प्रमाण मुद्दाम शोधल्याशिवाय दिसत नाही. तेव्हा पुरवठादाराला प्रमाणपत्र मागताना ‘प्रक्रियेत काही बदल केला आहे का’ हा प्रश्नही लेखी विचारत जा. ते काम खरेदी विभागाचेच आहे.

प्रश्न : आमचा प्लेटिंगचा, म्हणजे धातूवर मुलामा देण्याचा, कारखाना आहे. प्रक्रिया केलेल्या सांडपाण्याचा सीओडी (पाण्यातल्या पदार्थांच्या रासायनिक ऑक्सिडीकरणाला लागणारा ऑक्सिजन) आमच्या मोजणीत लिटरला ४२० मिलिग्रॅम येतो आणि बाहेरच्या प्रयोगशाळेत १९०. मर्यादा २५० आहे. आम्ही मर्क्युरिक सल्फेट विषारी म्हणून वापरणे बंद केले आहे. संयंत्र सुधारण्यासाठी मोठा खर्च करण्यापूर्वी विचारतो, खरा आकडा कोणता? (कारखानदार, सातपूर)

उत्तर : खर्च थांबवा. आपल्या प्रश्नातच उत्तर आले आहे. सीओडीच्या चाचणीत डायक्रोमेट हे सेंद्रिय पदार्थांचे ऑक्सिडीकरण करते, पण ते क्लोराइडचेही करते. सर्व क्लोराइडचे ऑक्सिडीकरण झाले तर दर १००० मिलिग्रॅम क्लोराइडमागे सुमारे २२६ मिलिग्रॅम इतका खोटा सीओडी दिसतो. आपल्याकडे प्लेटिंगपूर्वी लोखंड हायड्रोक्लोरिक आम्लात बुडवून स्वच्छ केले जाते, त्यामुळे सांडपाण्यात लिटरमागे हजार मिलिग्रॅम क्लोराइड असणे अगदी शक्य आहे, आणि आपल्या दोन आकड्यांतला फरक २३० आहे. मर्क्युरिक सल्फेट याच क्लोराइडला बांधून ठेवण्यासाठी घालतात. ते वगळले तर चाचणीचा अर्थच बदलतो. पाऱ्याचा धोका खरा आहे, म्हणून चाचणीनंतरचे द्रावण मोरीत न ओतता वेगळ्या डब्यात साठवून घातक कचऱ्यासोबत पाठवावे. आधी क्लोराइड मोजा, मग सीओडी.

परंतु १९० या आकड्यावरही इतक्यात निर्धास्त होऊ नका. तो नमुना कोणत्या वेळी घेतला होता? प्लेटिंगच्या कारखान्यात टाक्या बदलल्या जातात त्या दिवशीचे पाणी आणि एरवीचे पाणी यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो. दिवसभर दर तासाला थोडे थोडे पाणी घेऊन केलेला एकत्रित नमुना आणि टाकी रिकामी करण्याच्या वेळचा स्वतंत्र नमुना, असे दोन्ही तपासा. शिवाय आपल्या धंद्यात सीओडी हा मुख्य प्रश्नच नव्हे. भूपृष्ठावरील पाण्यात सोडण्यासाठी एकूण क्रोमियमची मर्यादा लिटरला २ मिलिग्रॅम आणि षट्संयोजी क्रोमियमची ०.१ मिलिग्रॅम आहे. सीओडीच्या आकड्यात यातले काहीही दिसत नाही. षट्संयोजी क्रोमियमचा नमुना ठेवून दिला तर पाण्यातल्या इतर द्रव्यांमुळे त्याचे त्रिसंयोजी क्रोमियम होत जाते आणि उशिरा केलेल्या चाचणीत पाणी आहे त्यापेक्षा निर्दोष दिसते. म्हणून तो त्याच दिवशी तपासला गेला पाहिजे. नमुना घेतल्याची वेळ आणि तपासल्याची वेळ अहवालावर आहे का ते पाहा. नसेल तर मागून घ्या.

बीओडीची, म्हणजे सूक्ष्मजीवांना पाण्यातले सेंद्रिय पदार्थ पचवायला लागणाऱ्या ऑक्सिजनची, चाचणी किती दिवस आणि किती तापमानाला करायची, या आपल्या उपप्रश्नाचे उत्तर : परदेशी पुस्तकांत पाच दिवस आणि २० अंश असे दिलेले असते, आपल्याकडे तीन दिवस आणि २७ अंश ही पद्धत आहे. आकड्यांची तुलना करताना दोन्हींची सरमिसळ करू नये.

प्रश्न : मी निफाड तालुक्यातला द्राक्ष उत्पादक आहे, कारखानदार नाही. निर्यातीपूर्वीच्या अहवालात बहुतेक रसायनांपुढे ‘आढळले नाही’ असे असते. याचा अर्थ ते शून्य आहे असा घ्यायचा का? (द्राक्ष उत्पादक, निफाड)

उत्तर : आपला प्रश्न या सदराबाहेरचा नाही, कीटकनाशक बनवणाऱ्याचे मापन आणि ते फवारणाऱ्याचे मापन शेवटी एकाच परीक्षेत बसते. ‘आढळले नाही’ याचा अर्थ, त्या प्रयोगशाळेला त्या पद्धतीने जेवढे कमीत कमी प्रमाण खात्रीने दिसते त्याहून कमी आहे, एवढाच. युरोपीय संघात ज्या रसायनासाठी वेगळी मर्यादा ठरवलेली नसते त्यासाठी किलोला ०.०१ मिलिग्रॅम ही मर्यादा धरतात, म्हणजे दहा टन द्राक्षांत एक दशांश ग्रॅम. इतक्या खाली मोजताना दोन चांगल्या प्रयोगशाळांच्या आकड्यांतही मोठी तफावत येते. तेथे अवशेषांच्या निकालाला ५० टक्के अनिश्चितता धरण्याची रीत आहे. म्हणून ०.००९ आले म्हणजे सुटलो आणि ०.०११ आले म्हणजे बुडालो, असे समजण्यात अर्थ नाही. फवारणी आणि काढणी यांतले अंतर एवढे ठेवावे की आकडा मर्यादेच्या आसपास फिरकूच नये.

२०१० साल आपल्याला आठवत असेलच. क्लोरमेक्वाट क्लोराइड, म्हणजे आपण ज्याला सीसीसी म्हणतो ते, भारतीय द्राक्षांत युरोपमध्ये सापडले आणि हंगाम हातचा गेला. इकडचे अहवाल खोटे नव्हते. ते रसायन तपासायच्या यादीतच नव्हते. शिवाय ते पाण्यात सहज विरघळणारे आणि विद्युतभारित असल्यामुळे इतर कीटकनाशके एकत्र मोजणाऱ्या नेहमीच्या पद्धतीत ते हाती लागत नाही. त्यासाठी वेगळी पद्धत लावावी लागते. तेव्हा अहवाल हाती आला की आधी रसायनांची यादी पाहा, आपण फवारलेली प्रत्येक गोष्ट तीत आहे का ते ताडून पाहा, आणि प्रयोगशाळेचे एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारे राष्ट्रीय मंडळ) मानांकन त्या रसायनासाठी आहे का, हे मानांकनाच्या व्याप्तीपत्रात पाहा. प्रयोगशाळेला मानांकन आहे म्हणजे तेथल्या प्रत्येक चाचणीला आहे असे नसते.

प्रश्न : मी नाशिकच्या एका महाविद्यालयात रसायनशास्त्राच्या तिसऱ्या वर्षाला आहे. गुणवत्ता विभागात नोकरी मिळण्यासाठी कोणत्या उपकरणाचा कोर्स करावा? (विद्यार्थिनी, नाशिक)

उत्तर : कोर्स एच.पी.एल.सी.चा, म्हणजे द्रावणातले घटक वेगळे करून मोजणाऱ्या उपकरणाचा, करावा, कारण जाहिरातींत तेच मागतात. मुलाखतीत मात्र मी स्वतः उमेदवाराला तराजूपाशी नेऊन ०.२ ग्रॅम तोलायला सांगत असे. तोलण्याआधी तराजूचा समतलदर्शक बुडबुडा पाहणारी, काचेची दारे लावून आकडा स्थिर होण्याची वाट पाहणारी आणि वजन थेट वहीत, पेनने, लिहिणारी मुले शंभरात फार थोडी निघत. चुकलेला आकडा खोडरबराने पुसू नये, त्यावर एकच आडवी रेघ मारून शेजारी बरोबर आकडा, सही आणि तारीख लिहावी, ही सवय कॉलेजच्या जर्नलपासूनच लावून घ्या. पीएच मीटरचा इलेक्ट्रोड ऊर्ध्वपातित पाण्यात बुडवून ठेवायचा की पोटॅशियम क्लोराइडच्या द्रावणात, हेही एकदा आपल्या प्रयोगशाळेत जाऊन पाहा. पाण्यात बुडवलेला दिसला तर सरांना सांगून बाटली बदलून घ्या.